बॉण्ड संपल्यावरही गावात राहायचं असेल तर

सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालात की वर्षभराची बंधपत्रित सरकारी सेवा, म्हणजे बॉण्ड, येतेच. जागावाटपाच्या काउन्सेलिंगला बसलेली बहुतेक मुलं एवढंच बघतात की गाव शहरापासून किती लांब आहे. अंतर नंतर बघा. तिथं दुसरा एमओ, म्हणजे वैद्यकीय अधिकारी, हजर आहे का, हे आधी विचारा.

मी कोकणातल्या एका पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, बॉण्डवर गेले आणि मुदत संपल्यावरही तिथंच राहिले. निकषानुसार सपाट भागात ३० हजार आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक केंद्र असतं. दुसऱ्या एमओची जागा रिकामी राहिली की सकाळची ओपीडी, रात्रीची बाळंतपणं, उपकेंद्रांच्या भेटी, तालुक्याच्या मीटिंगा, सगळं एकट्यावर येतं. माझ्या ओळखीचे जे सोडून गेले, त्यांतल्या फार थोड्यांनी पगाराचं कारण सांगितलं. कुणाला सलग झोप मिळत नव्हती, कुणाच्या क्वार्टरला पाणी नव्हतं, कुणाच्या जोडीदाराला जवळपास नोकरी नव्हती. डॉक्टर टिकवायचे तर शासनानं आधी एवढं बघावं. बॉण्ड मोडल्याचा नुसता दंड वाढवून माणूस मनानं तिथं राहत नाही.

म्हणून जागा निवडण्याआधी एकदा जाऊन या. क्वार्टरचा नळ सोडून बघा. सर्पदंशाचं इंजेक्शन साठ्यात आहे का, १०८ यायला किती वेळ लागतो, हे विचारा. आधीचे डॉक्टर का गेले, हे सिस्टरना एकट्यानं विचारा, त्या खरं सांगतात.

‘गावात राहून ज्ञान गंजतं’ असं सांगणारे भेटतील. त्यांना बिरवाडीची गोष्ट सांगा. महाडजवळच्या या केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७०च्या दशकात रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसं, त्यातही मुलं, तेव्हा हृदयावर ताण येऊन, फुप्फुसात पाणी भरून दगावत. त्यांनी रुग्णाशेजारी बसून नोंदी ठेवल्या, त्या १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी त्यांनी या रुग्णांसाठी वापरली आणि मृत्यूंचं प्रमाण खूप खाली आलं. जिथं विंचू चावतो तिथंच हे काम होऊ शकत होतं.

मला राहावंसं वाटलं ते घरं ओळखीची झाल्यामुळे. आजीची बीपीची गोळी, सुनेचं बाळंतपण, नातवाची लस, सगळं एकाच डॉक्टरकडे. कुठल्या घरात गोळ्या बंद झाल्यात ते आशाताई आधी सांगते, मग औषध लिहिताना अंदाज करावा लागत नाही. ही ओळख वर्षभरात जेमतेम सुरू होते.

एमडीची इच्छा असेल तर सेवेतल्या डॉक्टरांसाठीच्या जागांचे नियम रुजू होतानाच वाचून ठेवा. आणि पहिल्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञांना समक्ष भेटून नंबर घ्या. रात्री दोनला बाळ रडलं नाही, तर ओळखीच्या माणसाला फोन लावायला संकोच वाटत नाही.