नवा कोच कोण हवा, हे कसं ठरवायचं

१० जानेवारी २०२४ ला अलाबामा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे कोच निक सेबन निवृत्त झाले, तेव्हा मी त्या विद्यापीठाच्या गावी, टस्कलूसातच होतो. शेजारच्या आजोबांनी लगेच कागद-पेन काढलं. त्यांची पद्धत सांगतो. आधी उमेदवाराने मुख्य कोच म्हणून जिंकलेले-हरलेले सामने लिहा. दुसऱ्याच्या हाताखालचं काम वेगळं धरा. मग सगळ्यात महत्त्वाचं: कमी पैशांत, फारशा नावाजलेल्या नसलेल्या पोरांकडून त्याने काय करून घेतलं? उमेदवारांपैकी केलन डीबोअर यांचं नाव आम्ही याच मुद्द्यावर वर चढवलं. सू फॉल्ससारख्या छोट्या कॉलेजात ६७ विजय, पराभव फक्त ३! नव्या खेळाडूंच्या भरतीतली हातोटीही बघा. आणि उशीर नको. कोच गेला की खेळाडूंना दुसरं कॉलेज गाठायला तेव्हा ३० दिवस मिळायचे. निवड रेंगाळली की संघ फुटायचा. अलाबामाने दोनच दिवसांत डीबोअरना आणलं, ते योग्यच केलं.