हप्ता की भाडे : घराचा हिशेब घरीच कसा मांडावा

कोल्हापुरात स्थळ पाहताना शिक्षण आणि नोकरी यांच्या पाठोपाठ 'घर स्वतःचं हाय का?' हा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर 'हाय' असे मिळाले की त्यापुढचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्या घरावर बँकेचा बोजा किती आहे, तो फिटायला किती वर्षे लागणार आहेत, पगारातला किती हिस्सा हप्त्यात जातो, यांची चौकशी करणे पाहुण्यांना प्रशस्त वाटत नाही. उलट राजारामपुरीत पंधरा वर्षे भाड्याने राहिलेला, कोणाचे एक रुपयाही देणे नसलेला आणि चार ठेवी बाळगून असलेला गृहस्थ 'अजून भाड्यानंच' एवढ्या दोन शब्दांत निकालात निघतो. 'घर पाहावे बांधून' ही म्हण अशा वेळी हमखास ऐकवली जाते. वास्तविक 'लग्न पाहावे करून' या जोडीदारासह ती वाचली, तर ती यशाविषयी नसून दमछाकीविषयी आहे, हे कोणाच्याही लक्षात यावे.

लोकांची प्राप्तिकर विवरणपत्रे भरून देणे हा माझा व्यवसाय आहे. मी स्वतः अकरा वर्षे भाड्याने राहिलो आणि आता हप्ता भरतो आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंची बोलणी मी खाल्लेली आहेत. या अनुभवातून माझे मत असे झाले आहे की घराच्या मालकीवरून माणसाची आर्थिक स्थिती ओळखता येत नाही. मिळकत थांबली तर आहे त्याच घरात तो किती महिने राहू शकतो, यावरून ती बऱ्यापैकी ओळखता येते. ही मोजणी घरच्या घरी, एका वहीत, साधारण दीड तासात होते. ती कशी करावी हे पुढे लिहीत आहे.

आधी हप्ता फोडून पाहावा

कर्ज असेल तर बँकेकडून परतफेडीचे वेळापत्रक मागवून घ्यावे. शाखेत मागितल्यास ते छापून मिळते आणि बहुतेक बँकांच्या ॲपवरही असते. त्यात प्रत्येक हप्त्यापुढे व्याज आणि मुद्दल असे दोन रकाने असतात, आणि पहिल्या पानावरचे हे दोन रकाने पाहून मी भल्याभल्यांना गप्प झालेले पाहिले आहे.

समजा कर्ज ३० लाखांचे, व्याजदर साडेआठ टक्के आणि मुदत २० वर्षे आहे. महिन्याचा हप्ता सुमारे २६,०३५ रुपये येतो. त्यातील पहिल्या हप्त्याचे २१,२५० रुपये व्याजात जातात आणि मुद्दलातून ४,७८५ रुपये कमी होतात. पाच वर्षे एकही हप्ता न चुकवता भरले, म्हणजे सुमारे १५ लाख ६२ हजार रुपये बँकेत जमा केले, तरी मुद्दल सुमारे २६ लाख ४४ हजार शिल्लक असते. 'भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा' असे सांगणाऱ्या मामांना हा व्याजाचा रकाना जरूर दाखवावा, कारण या पाच वर्षांत सुमारे बारा लाख रुपये त्याच पाण्यात गेलेले असतात.

म्हणून भाड्याची तुलना कधीही हप्त्याशी करू नये. ती घराच्या अशा खर्चाशी करावी, जो गेल्यावर परत येत नाही. वरचेच उदाहरण पुढे नेऊ. फ्लॅटची किंमत ४० लाख असून १० लाख रुपये स्वतःचे घातले. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क आणि अधिभार मिळून ६ टक्के म्हणजे २ लाख ४० हजार होतात (केवळ स्त्रीच्या नावावर खरेदी केल्यास त्यात एक टक्का सवलत मिळते), आणि नोंदणी फी ३० हजार. म्हणजे हातचे १२ लाख ७० हजार रुपये गेले, जे साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत राहिले असते तर वर्षाला सुमारे ८२,५०० रुपये देत राहिले असते. पहिल्या वर्षाचे कर्जाचे व्याज सुमारे २ लाख ५२ हजार. त्यात सोसायटीचा देखभाल खर्च महिना दीड हजार आणि घरफाळा वर्षाला ६ हजार धरला, तर वर्षाची एकूण बेरीज ३ लाख ५८ हजारांच्या पुढे जाते. तसाच फ्लॅट १२ हजार रुपये भाड्याने मिळत असेल तर भाडेकरूचा वर्षाचा खर्च १ लाख ४४ हजार होतो. या दोहोंतील अंतर सुमारे २ लाख १५ हजार आहे, आणि ते भरून निघण्यासाठी त्या फ्लॅटची किंमत दरवर्षी साधारण साडेपाच टक्क्यांनी वाढावी लागेल.

हा आकडा मालकाला हरवण्यासाठी काढलेला नाही. व्याजाचा रकाना वर्षागणिक उतरत जातो, भाडे मात्र करारागणिक पाच ते दहा टक्क्यांनी चढत जाते, आणि दहा-बारा वर्षांनी पारडे बहुधा मालकाकडे झुकते. परंतु जो माणूस चार वर्षांनी पुण्याला बदली मागणार आहे, त्याने ही दहा-बारा वर्षे आपल्याजवळ आहेत काय, हे आधी स्वतःला विचारावे. आपल्या हिशेबात किमतीची वाढ किती धरायची, हे ठरवताना बिल्डरच्या माणसाचे ऐकू नये. त्याच इमारतीतील जुना फ्लॅट अलीकडे कितीला विकला गेला, ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या दस्तावरून पाहावे.

मुदत तपासावी, ती आपोआप वाढते

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ज्या दराने ती बँकांना पैसे उसने देते तो) ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. ज्यांचे कर्ज रेपोशी जोडलेले होते त्यांचा दर वाढला, परंतु अनेक ठिकाणी हप्ता तेवढाच ठेवून मुदत लांबवण्यात आली, त्यामुळे कर्जदाराला काही झाल्याचे कळलेच नाही. पावणेसात टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलेल्या ३० लाखांच्या कर्जाचा हप्ता सुमारे २२,८११ रुपये होतो. वर्षभरानंतर दर सव्वानऊ झाला असता त्या हप्त्यातील जेमतेम अडीचशे रुपये मुद्दलात जातात. माझ्याकडे आलेल्या एका निवृत्तीजवळच्या शिक्षकांच्या कर्जाची शेवटची तारीख त्यांच्या निवृत्तीनंतर अकरा वर्षांनी पडत होती, आणि हे त्यांना माझ्या टेबलासमोर बसल्यावर समजले. ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची मुभा कर्जदाराला द्यावी लागते. ती मुभा लेखी अर्ज करून वापरावी. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व भरण्यासाठी दंडही आकारता येत नाही. वर्षातून एक हप्ता जास्तीचा भरला, तरी २० वर्षांचे कर्ज तीन वर्षांहून अधिक आधी फिटते.

महिन्यांची मोजणी

आता मुख्य मोजणीकडे यावे. वहीच्या डाव्या बाजूला आठवड्याभरात हातात येऊ शकणारा पैसा लिहावा : बचत खाते, मोडता येणाऱ्या ठेवी, आणि विकायची मनाची तयारी असेल तेवढेच सोने. भविष्यनिर्वाह निधी लिहू नये, भावाने 'देतो' म्हटलेले लिहू नये, आणि भिशीचा नंबर लागलेला नसेल तर ती रक्कमही लिहू नये. उजव्या बाजूला मिळकत थांबली तरी द्यावाच लागणारा महिन्याचा खर्च लिहावा : हप्ता किंवा भाडे, किराणा, शाळेची फी, औषधे, विमा. डाव्या रकमेला उजवीने भागावे. येणारा आकडा म्हणजे तुमचे महिने.

दोन कुटुंबे घेऊ. दोघांची मिळकत ६० हजार, घरखर्च २२ हजार. एकाचा हप्ता २६ हजार असून हाताशी ७० हजार आहेत; त्याचे महिने दीडसुद्धा भरत नाहीत. दुसऱ्याचे भाडे १२ हजार असून ठेव ६ लाखांची आहे. तो सतरा महिने निभावू शकतो. वास्तुशांतीचे जेवण पहिल्याने घातले, एवढ्यावरून आपण त्याला पुढे गेलेला मानतो.

या आकड्यात तीन महिन्यांची रेषा महत्त्वाची आहे. हप्ता ९० दिवस थकला की खाते अनुत्पादक ठरते, आणि त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन बँकेला घराचा ताबा घेण्याची कारवाई सुरू करता येते. म्हणून मालकाचे महिने सहापेक्षा कमी असतील तर जादा हप्ते भरण्याचा उत्साह तूर्त आवरावा आणि आधी ते सहा पूर्ण करावेत. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम करणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. ऑर्डरी भरपूर असताना ओव्हरटाइमसह निघालेल्या पगारावर बँक कर्जाची पात्रता काढून देते, आणि मंदीत ओव्हरटाइम आधी बंद होतो. हप्ता मूळ पगारावरच बेतावा, मग घर एका खोलीने लहान झाले तरी चालेल.

मार्जिनची, म्हणजे घर घेताना स्वतःची म्हणून घातलेली, रक्कम कोठून आली, हेही याच पानावर प्रामाणिकपणे लिहावे. सासऱ्यांकडून घेतलेले तीन लाख, पतसंस्थेतील तारण कर्ज, पगारदारांच्या सोसायटीतून उचललेले पगारतारण कर्ज, ही सगळी त्या घराचीच कर्जे असतात; केवळ बँकेच्या कागदावर ती दिसत नाहीत.

भाडेकरूनेही आरशात पाहावे

भाड्याने राहणे आणि कर्जमुक्त असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे मी भाडेकरूंच्या बाजूचा असूनही सांगतो. हप्ता आणि भाडे यांतील चौदा हजार रुपयांचा फरक दरमहा बाजूला पडत असेल, तरच वरचे सगळे गणित त्याच्या बाजूने उभे राहते. तो फरक मोबाइलच्या हप्त्यात, गाडीच्या कर्जात आणि रविवारच्या हॉटेलात जात असेल, तर हा माणूस बिनकर्जी नाही आणि त्याच्याकडे घरही नाही. पगाराच्या दुसऱ्या दिवशी तेवढी रक्कम आपोआप आवर्ती ठेवीत किंवा म्युच्युअल फंडात जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवावी. निवृत्तीनंतरही भाडे द्यायचेच आहे, हे गृहीत धरून उद्दिष्ट ठरवावे. आजचे १२ हजार भाडे दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढले, तर वीस वर्षांनी ते ३१ हजारांच्या पुढे जाते.

करार नोंदवलेलाच असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि नोंदणी झालेली नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. तरीही 'आपल्यात कशाला कागद' म्हणणारे काका भेटतातच. त्यांना नमस्कार करून कागद करून घ्यावा.

घर घ्यायचेच ठरले तर

ऑगस्ट २०१९ मध्ये मी शाहूपुरीत तळमजल्यावर भाड्याने होतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी त्याहून कितीतरी वर गेले. आम्ही एका दुपारी टेम्पो लावून कळंब्याला बहिणीकडे गेलो आणि महिनाभरात दुसरे घर पाहिले. शेजारच्या फ्लॅटचे मालक मात्र तीन महिने दुसरीकडे भाडे देत होते, गिलावा पुन्हा करून घेत होते आणि बँकेचा हप्ताही भरत होते. जुलै २०२१ मध्ये त्याच भिंतीला पुन्हा पाणी लागले. तळमजला पाहायला जाल तेव्हा भिंतीचा रंग छातीपर्यंत नवा आणि वर जुना आहे का, स्विचबोर्ड गरजेपेक्षा उंच बसवले आहेत का, हे पाहावे, आणि शेजारच्या किराणा दुकानदाराला पाणी कुठपर्यंत आले होते ते विचारावे. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा आणि लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मानली जाते. आपला गट क्रमांक त्यांच्या कोणत्या बाजूला आहे, हे नकाशावर तपासावे.

कागदांत तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजा यांचा शोध), बिगरशेती आदेश आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहावे, आणि नव्या प्रकल्पाचा महारेरा क्रमांक संकेतस्थळावर तपासावा. करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. शहरालगत गुंठेवारीतला स्वस्त प्लॉट दाखवला गेला तर आधी बँकेत जाऊन त्यावर कर्ज मिळेल का, ते विचारावे. बँकेचा नकार हा फुकटात मिळालेला कायदेशीर सल्ला असतो.

'टॅक्स वाचतो' म्हणून कर्ज काढू नये. राहत्या घराच्या व्याजावरील वर्षाला २ लाखांपर्यंतची वजावट आणि मुद्दलावरील सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, तशीच घरभाडे भत्त्याचीही. नव्या प्रणालीत असणाऱ्याने हे रकाने कोरेच सोडावेत.

कर्ज फिटल्यावरचे काम बहुतेक जण विसरतात. शेवटचा हप्ता गेल्यानंतर ३० दिवसांत मूळ दस्त परत करणे बँकेवर बंधनकारक आहे, आणि उशीर झाल्यास दर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी लागते. दस्त मोजून ताब्यात घ्यावेत, बेबाकी (काही देणे उरले नसल्याचा) दाखला घ्यावा, आणि सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर बँकेच्या बोजाची नोंद असेल तर ती कमी करण्याचा अर्ज त्याच आठवड्यात तलाठ्याकडे किंवा नगर भूमापन कार्यालयात द्यावा. महिन्याभराने नवा उतारा काढून 'इतर हक्क' हा रकाना स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा.