केमिकल फिजिक्स करायचंय? मग आधी गणित धरून ठेवा

‘फिजिक्सपण आवडतं, केमिस्ट्रीपण आवडते, मग घेऊ काय?’ असं विचारणारे बारावीनंतर दरवर्षी दोनचार तरी भेटतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आपल्याकडे बहुतेक कॉलेजांत केमिकल फिजिक्स (म्हणजे या दोन्हींच्या मधला विषय) नावाची डिग्रीच नसते, ती आपली आपणच जुळवायची. एफवायला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स तिन्ही घ्या. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत सुरुवातीला सगळेच सायन्स विषय करावे लागतात त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही, बाकीकडे मात्र केमिस्ट्रीवाली पोरं सुटलो एकदाचे म्हणत गणित सोडतात. मीही सोडलं होतं, आणि मग टीवायला क्वांटममधे मॅट्रिक्स दिसल्यावर घाम फुटला. लिनियर अल्जेब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स एवढं तरी कराच.

अभ्यास कसा करायचा, तर एक छोटा रेणू पकडायचा आणि त्याचा पिच्छा सोडायचा नाही. माझा आवडता एचसीएल, म्हणजे हायड्रोजन क्लोराइड. त्याच्या वायूचा आयआर (इन्फ्रारेड) स्पेक्ट्रम समोर घ्या, २८८६ वेव्हनंबरच्या (दर सेंटीमीटरला किती लाटा) आसपास मधेच एक रेघ गायब दिसेल आणि दोन्ही बाजूंना रेघांच्या रांगा. ती रेघ का नाही हे सिलेक्शन रूल (रेणूला ऊर्जेच्या कुठल्या उड्या चालतात त्याचा नियम) सांगतो, म्हणजे क्वांटम झालं. शेजारच्या रेघांमधलं अंतर सरासरी २१ वेव्हनंबर, त्यावरून मोमेंट ऑफ इनर्शिया आणि त्यावरून बाँडची लांबी काढा, १.२८ अँगस्ट्रॉमच्या जवळपास यायला हवी (माझी पहिल्यांदा दहापट आली होती, युनिट्स!). रेघांची उंची आधी वाढते मग उतरते, तिथे बोल्ट्झमन (ऊर्जेच्या कुठल्या पातळीत किती रेणू, याचा नियम) येतो. आणि स्पेक्ट्रम चांगल्या मशीनवर काढलेला असेल तर प्रत्येक रेघ जोडीने दिसते, कारण क्लोरीनचे दोन आयसोटोप, ३५ आणि ३७, साधारण तीनास एक. एका ग्राफमधे अर्धा सिलॅबस, खरंच.

पायथन शिका, पण आधी वही. ब्युटाडाइनचं हकल मॅट्रिक्स (पाय इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा काढायचं सोपं गणित) हाताने सोडवा मग नमपायला, म्हणजे पायथनच्या गणिताच्या लायब्ररीला द्या, १.६१८ आणि ०.६१८ दोन्हीकडे आले की पुढे जा.

एमएस्सीसाठी जॅम या प्रवेश परीक्षेला फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे पेपर वेगळे असतात, तेव्हा कुठल्या दारातून आत जायचं ते एसवाय संपेपर्यंत ठरवा. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत केमिकल सायन्सेसचं डिपार्टमेंट आहे, तिथल्या समर प्रोग्रामवर लक्ष ठेवा, आणि अर्जात ‘मला दोन्ही विषयांची आवड आहे’ असलं काही लिहू नका, तो एचसीएलचा हिशोब लिहा, चुकलेल्या युनिट्ससकट.