ऑपरेशन थिएटरच्या (ओटी) इन्चार्ज सिस्टर झालात? या चुका टाळा

स्क्रब म्हणून, म्हणजे टेबलाला उभं राहून सर्जनच्या हातात हत्यारं देण्यात, हात चांगला बसला की एक दिवस इन्चार्ज करतात. मग माणूस कमी पडलं की आपणच स्क्रब होऊन टेबलाला उभं राहायची सवय सुटत नाही. अडीनडीला ठीक आहे. पण रोजच आत अडकलात तर पुढची केस, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र), रिकव्हरीतला पेशंट कोण बघणार?

सगळ्यात घातक चूक ड्यूटी बदलताना होते. पावसात लोकलची हार्बर लाइन रखडली की वाशी-नेरुळला दोनची ड्यूटी तीनला लागते आणि ओव्हर, म्हणजे पुढच्या सिस्टरला केस समजावून सोपवणं, दारातच उरकलं जातं. आमच्याकडे एकदा पोटाच्या ऑपरेशनमध्ये असंच झालं. टेबलावर आणि बादलीत मिळून वीस मॉप (रक्त टिपायचे कापडी तुकडे), मोजणीच्या बोर्डावर पंधरा. मी सर्जनना पोट बंद करायचं थांबवलं. पाचाचं एक बंडल दिल्यावर लिहायचंच राहिलं होतं. तेवढ्या वेळात माझे हात गार पडले होते.

म्हणून बंडल उघडलं की लगेच बोर्डावर. काउंट दोघींनी मोठ्याने करायचा: चिरा देण्याआधी, पोट बंद करण्याआधी, कातडी शिवताना, आणि सिस्टर बदलली की प्रत्येक वेळी. जुळला नाही तर बादली, लिनन, टेबलाखाली बघा. तरीही सापडलं नाही तर पेशंट ओटीतून हलायच्या आत एक्स-रे. मॉपमधला निळा धागा एक्स-रेत दिसतो, तो त्यासाठीच असतो, म्हणून धागा नसलेला साधा गॉज पोटात जाऊ देऊ नका. आणि रोस्टर लावताना एका ड्यूटीला सगळ्या पनवेलकडच्या नकोत, एक तरी चालत येणारी ठेवा.

जागतिक आरोग्य संघटनेची सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट 2008 पासून आहे. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी, असे तीन थांबे. संध्याकाळी बसून एकदम टिक करायचा तो कागद नाही. नवीन मुलगी मोठ्या सर्जनला "सर, थांबा" म्हणायला घाबरते. ते पहिल्यांदा तुम्ही म्हणा, तिच्यादेखत.

ऑटोक्लेव्ह टेपचा रंग बदलला म्हणजे आतलं निर्जंतुक झालं असं नाही. टेप फक्त बाहेरच्या उष्णतेचं सांगते. पॅकच्या आतला इंडिकेटर बघा. ओला पॅक वापरायचा नाही, मग लिस्ट कितीही लांबो.

आदल्या रात्री वॉर्डात वस्तऱ्याने केस काढणं बंद करा. बारीक जखमांतून इन्फेक्शन शिरतं. काढायचेच असतील तर क्लिपर (केस कापायचं मशीन).