साथ चालू असताना शाळा भराव्यात का : हा वाद कसा लढवावा

वादविवादाच्या मुलांना मी बरेच विषय देते. बहुतेक विषयांवर मुलं पहिल्या दिवशी पाठ केल्यासारखी बोलतात. एका विषयावर मात्र आवाज लगेच चढतात: महासाथ चालू असताना शाळा प्रत्यक्ष भरवाव्यात का? २०२० साली जगभरात दीडशे कोटींहून जास्त विद्यार्थी वर्गाबाहेर होते, त्यामुळे हा वाद जवळजवळ प्रत्येक घरात होऊन गेलेला आहे. कोणाच्या घरातलं माणूस गेलं, कोणाचं शिकणं मागे पडलं. अशा विषयावर नुसती जिंकायची तयारी करून घेणं मला बरोबर वाटत नाही. म्हणून मी मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: आपल्या बाजूची किंमत आधी आपणच सांगायची. समोरचा ती उकरून काढेल याची वाट बघायची नाही.

ते कसं करायचं ते लिहिते. स्पर्धेसाठी तयारी करणाऱ्यांना तर हे उपयोगी पडेलच, पण पालकसभेत उभं राहून बोलणाऱ्यांनाही पडेल.

आधी विषय बांधून घ्या

‘शाळा उघडाव्यात का’ या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर देता येतं, आणि दोन्ही उत्तरं पोकळ आहेत. सहा वर्षांच्या मुलाची शाळा आणि सतरा वर्षांच्या मुलाची शाळा ही एक गोष्ट नाही. पूर्ण पट बसवून सहा तास वर्ग भरवणं वेगळं, निम्मी मुलं एक दिवसाआड बोलावणं वेगळं.

साथ कोणती, हेही ठरवायला हवं, आणि हा मुद्दा बहुतेक वक्ते विसरतात. फ्लूच्या साथीत मुलं आजार फार पसरवतात. १९१८ च्या फ्लूने तर ऐन तारुण्यातली माणसं मोठ्या संख्येने नेली. कोविडमध्ये जिवाचा धोका वयाबरोबर वाढत गेला. म्हणून फ्लूसाठी केलेला युक्तिवाद कोविडला जसाच्या तसा चिकटवता येत नाही, आणि कोविडचा पुढच्या साथीला लावता येत नाही. १९१८ मध्ये अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांनी शाळा बंद केल्या, न्यूयॉर्क आणि शिकागोने चालू ठेवल्या. न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलंड यांचं म्हणणं होतं की कोंदट, दाटीवाटीच्या घरांपेक्षा मूल हवेशीर शाळेत, डॉक्टर-परिचारिकांच्या नजरेखाली असलेलं बरं. हे उदाहरण वापरा, पण त्यांच्या युक्तिवादाचा सगळा भार ‘हवेशीर’ आणि ‘नजरेखाली’ या दोन शब्दांवर आहे हे सांगूनच वापरा. आज तुमच्या शाळेत या दोन्ही गोष्टी नसतील, तर कोपलंड तुमच्या बाजूने उभे राहणार नाहीत.

मी मुलांना पहिलं काम देते ते एकच वाक्य लिहिण्याचं. उदाहरणार्थ: ‘रुग्णसंख्या उतरणीला लागली असताना पहिली ते चौथीचे वर्ग निम्म्या पटावर, खिडक्या उघड्या ठेवून भरवावेत.’ या वाक्यावर हल्ला करणं अवघड जातं, कारण त्यात वय आहे, वेळ आहे, अटी आहेत. विरोधी बाजूलाही तेवढंच नेमकं वाक्य लिहायला लावते. शिवाय त्यांच्या वाक्यात ‘तोपर्यंत’ हा शब्द आलाच पाहिजे. शाळा बंद ठेवा म्हणणाऱ्याने कधीपर्यंत ते सांगितलं नाही, तर त्याची मागणी अर्धवटच राहते. युगांडात मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या शाळा पूर्णपणे उघडायला जानेवारी २०२२ उजाडला.

किंमत

उघडा म्हणणाऱ्यांनी भाषणाच्या पहिल्या मिनिटात मान्य करावं की शाळेत कोणाला तरी लागण होईल, आणि ती माणसं फक्त मुलं नसतील. इथे स्वीडनचा पुरावा फार मोलाचा आहे. २०२० च्या वसंतात तिथे नववीपर्यंतच्या शाळा चालू राहिल्या आणि त्यावरच्या वर्गांचं शिकवणं ऑनलाइन गेलं. त्यामुळे दोन प्रकारच्या शिक्षकांची तुलना करता आली. चालू शाळांतल्या सातवी ते नववीच्या शिक्षकांमध्ये लागणीचं प्रमाण ऑनलाइन शिकवणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट निघालं. त्यांच्या घरातल्या जोडीदारांमध्येही ते वाढलं. पालकांमध्ये मात्र वाढ थोडीच होती. हा एकच अभ्यास दोन्ही बाजू वापरतात, आणि दोघीही अर्धाच वाचतात. पालकांचं वाक्य वाचून शिक्षकांचं गाळणाऱ्या मुलांना मी पुढे जाऊ देत नाही.

बंद ठेवा म्हणणाऱ्यांची किंमत डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती त्यांनी जास्त स्पष्ट बोलली पाहिजे. ऑगस्ट २०२० मध्ये युनिसेफने अंदाज दिला की शाळा बंद असताना जगातली किमान ४६ कोटी ३० लाख मुलं दूरस्थ शिक्षणापर्यंत पोहोचूच शकत नव्हती. आणि जिथे पोहोचता येत होतं तिथे काय झालं? नेदरलँड्समध्ये शाळा जेमतेम आठ आठवडे बंद होत्या, घरोघरी इंटरनेट होतं. तरी प्राथमिकच्या मुलांचं सुमारे एक पंचमांश शैक्षणिक वर्षाचं नुकसान झालं. म्हणजे घरी बसून जवळजवळ काहीच पदरात पडलं नाही. ज्या घरांत आईवडील कमी शिकलेले होते तिथे हे नुकसान ६० टक्क्यांपर्यंत जास्त होतं.

आकडा सांगून झाला की माणूस सांगा. तीन भावंडांत एक फोन असलेलं मूल. घरकामाला लागलेली आणि मग वर्गात परत न आलेली मुलगी. शाळेतलं जेवण हेच दिवसातलं धड जेवण असलेलं मूल. घरात मार खाणारं मूल, ज्याचे वळ शाळेतल्या बाईंनाच दिसले असते. बंदच्या बाजूने बोलणाऱ्याने या चौघांची नावं घेतल्याशिवाय मी त्याचं भाषण पूर्ण धरत नाही.

एक वाक्य, जवळून

तयारीच्या वेळी एका मुलीचं भाषण ‘मुलांना काही होत नाही’ या वाक्याने सुरू व्हायचं. टाळ्या घेणारं वाक्य. मी तिला तिथेच थांबवलं आणि तीन प्रश्न फळ्यावर लिहिले: कोणत्या मुलांना? ‘काही’ म्हणजे काय? कोणत्या आजारात? ती वही घेऊन कोपऱ्यात बसली आणि तासाभराने हे लिहून आणलं: ‘कोविडमध्ये बहुसंख्य मुलांचा आजार सौम्य राहिला. क्वचित काही मुलांना लागणीनंतर काही आठवड्यांनी अनेक अवयवांना सूज येणारा गंभीर आजार झाला. ज्यांना आधीपासून मोठं दुखणं आहे त्यांचा विचार वेगळा करावा लागेल, आणि तो आम्ही करणार आहोत.’ वाक्य लांबलं, टाळीची जागा गेली. पण तिने ते म्हटलं तेव्हा समोरच्या बाजूने आधीच लिहून ठेवलेलं खंडन खोडलं, कारण खोडायला त्यांच्याकडे काही उरलंच नव्हतं.

विरुद्ध बाजूचं असंच एक वाक्य आहे: ‘एका जरी मुलाचा जीव गेला तर जबाबदार कोण?’ याला टक्केवारीने उत्तर देऊ नका. ऐकणाऱ्यांत कोणाचं तरी मूल आजारी असेल. आधी म्हणा की हा प्रश्न खरा आहे. मग, आवाज न चढवता, धोका कुठे कमी करता येतो ते सांगा.

हवेवर बोला, कारण हवा मोजता येते

‘सुरक्षित’ हा शब्द या वादात सगळ्यांत जास्त वेळा येतो आणि सगळ्यांत कमी अर्थाने येतो. तो मोजमापात आणायचा एक सोपा मार्ग आहे. कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र मिळतं. बाहेरच्या मोकळ्या हवेत ते दहा लाखांत ४२० च्या आसपास दाखवतं. आपल्या उच्छ्वासात हेच प्रमाण सुमारे ४०,००० असतं. वर्गातला आकडा चढत गेला, तर मुलं एकमेकांनी सोडलेली हवा पुन्हा आत घेत आहेत असा त्याचा अर्थ. आकडा ८०० च्या खाली राहिला तर हवा बरी खेळते आहे असं धरतात.

मी हे यंत्र टेबलावर ठेवून दारंखिडक्या लावून घेते आणि सराव चालू करते. दुसरं भाषण संपेपर्यंत आकडा इतका वर गेलेला असतो की मुलं आपणहून खिडकीकडे जातात. समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की आकडा भराभर उतरतो. एकच खिडकी उघडली तर फार हळू. यानंतर त्यांच्या भाषणात ‘योग्य ती काळजी घेऊन’ असला शब्दसमूह येत नाही. त्याऐवजी खिडक्या किती, पंखा कुठे, गाळणी लावलेलं हवा शुद्ध करणारं यंत्र कोण आणणार, हे येतं. २०२० च्या सुरुवातीला सगळा भर हात धुण्यावर आणि बाकं पुसण्यावर होता. विषाणू हवेतून पसरतो हे नंतर ठसलं. जुन्या बातम्यांतून मुद्दे काढताना हे लक्षात ठेवा, नाहीतर बाकं पुसण्याची योजना घेऊन उभे राहाल. विरोधी बाजूने इथेच रोखठोक विचारावं: या यंत्रांचे पैसे कोण देणार, आणि ज्या शाळेच्या खिडक्याच उघडत नाहीत तिचं काय?

दोन देशांची जोडी

डेन्मार्क आणि इस्रायल ही उदाहरणं या वादात लाठीसारखी फिरवली जातात. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० पासून आधी लहान मुलांचे वर्ग उघडले. गट छोटे, बाकांमध्ये अंतर, शक्य तेवढं शिकवणं बाहेर. संसर्ग भडकला नाही. इस्रायलने मे महिन्यात शाळा पूर्ण पटाने उघडल्या. उष्णतेची लाट आली, मास्कला सूट मिळाली, वातानुकूलन चालू झालं. जेरुसलेमच्या एका माध्यमिक शाळेत १५३ विद्यार्थी आणि २५ कर्मचारी बाधित झाले.

एकाने डेन्मार्क म्हटलं की दुसऱ्याने इस्रायल म्हणायचं, असा खेळ होऊ देऊ नका. प्रत्येक उदाहरणाला चार प्रश्न विचारा: त्या वेळी गावात संसर्ग किती होता, एका खोलीत किती मुलं होती, हवा कशी होती, मुलं किती वयाची होती. दोन्ही देशांतला फरक या चार उत्तरांत बराचसा उलगडतो. आणि ही दोन्ही उदाहरणं पहिल्या विषाणूची आहेत. डेल्टा आणि ओमायक्रॉन हे त्याचे नंतरचे प्रकार त्याहून कितीतरी वेगाने पसरले.

बोलण्याची रीत

शिक्षकांना कामचुकार म्हणायचं नाही. पालकांना ‘मुलं सांभाळायला कोणी हवंय म्हणून ओरडतात’ असं म्हणायचं नाही. दोन्ही वाक्यं मी ऐकली आहेत, आणि दोन्हींनंतर सभेत कोणी कोणाचं ऐकलं नाही. शिपाई, बसचालक, स्वच्छता करणाऱ्या बाई यांचाही विचार भाषणात यावा. एरवी त्यांच्या वतीने कोणीच बोलत नाही. सरावाच्या मध्यावर बाजू बदलायला लावा. नुसतं समोरच्याचं म्हणणं सांगायला लावू नका, त्याच्या बाजूने पूर्ण भाषण करायला लावा.

माझं मत मुलांना माहीत आहे, मी ते लपवत नाही: शाळा सगळ्यांत शेवटी बंद व्हाव्यात आणि सगळ्यांत आधी उघडाव्यात, पण शिक्षकांना लस, मास्क आणि स्वच्छ हवा देऊन. बाजारपेठा आणि उपाहारगृहं चालू ठेवून शाळांना कुलूप लावणं मला पटत नाही. तरीही विरोधी बाजू तयार करून घेताना मी तेवढाच जीव ओतते. संसर्ग चढत असताना दोन आठवडे थांबा म्हणणारा माणूस मुलांचा वैरी नसतो.

शेवटच्या मिनिटासाठी आवेश राखून ठेवू नका. ४ जानेवारी २०२१ ला इंग्लंडमध्ये अनेक प्राथमिक शाळा सुट्टीनंतर उघडल्या आणि त्याच संध्याकाळी पुन्हा बंद करण्याची घोषणा झाली. नुसतं आश्वासन दिलं की असं होतं. म्हणून शेवटचं मिनिट एकाच प्रश्नाच्या उत्तरासाठी ठेवा: काय दिसलं तर तुम्ही तुमचं मत बदलाल? उघडा म्हणणाऱ्याने सांगावं, ‘रुग्णालयातल्या खाटा भरत आल्या किंवा हा आजार मुलांनाच जास्त मारतोय असं दिसलं, तर आम्ही वर्ग थांबवू.’ बंद म्हणणाऱ्याने सांगावं, ‘सलग दोन आठवडे रुग्ण घटले आणि वर्गातल्या हवेचा आकडा ८०० च्या खाली राहिला, तर सोमवारपासून पहिलीचा वर्ग भरवा.’ अध्यक्षांनी दोन्ही उत्तरं फळ्यावर शेजारी शेजारी लिहून घ्यावीत आणि मगच मतदान घ्यावं.