एमबीबीएसचा अर्ज ‘सबमिट’ करण्याआधीची शेवटची तपासणी

महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांच्या 85 टक्के जागा राज्याचा सीईटी सेल (सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष) भरतो, उरलेल्या 15 टक्के दिल्लीची एमसीसी, म्हणजे केंद्राची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी. दोन्हीकडे नोंदणी वेगळी, आणि एकीकडचा कागद दुसरीकडे चालेलच असं नाही. इथे मुख्यतः राज्याच्या अर्जाबद्दल लिहितो आहोत.

अर्ज भरून झाला की लगेच फी भरू नका. प्रिव्ह्यूची प्रिंट काढा. मोबाईलवर वर-खाली करत वाचताना चूक निसटते. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रिंटवर पेन्सिलने खूण करत जायचं. ज्याने अर्ज भरला त्याच्याकडे वाचायचा कागद द्या, पेन्सिल नको. स्वतः टाईप केलेलं तपासताना माणूस मनातलंच वाचतो.

आधी नाव आणि जन्मतारीख. दहावीची गुणपत्रिका, नीटचं प्रवेशपत्र आणि आधार शेजारी-शेजारी ठेवा. बोर्डाच्या कागदावर आडनाव पुढे असतं, आधारवर मागे; हा फरक नेहमीचाच. पण इंग्रजी स्पेलिंग किंवा तारीख जुळत नसेल तर प्रतिज्ञापत्र आताच करून ठेवा, कागदपत्रांच्या पडताळणीला बोलावल्यावर धावपळ नको. बारावीचे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे गुणही इथेच जुळवा: तिन्ही मिळून खुल्या वर्गाला 50 टक्के, आरक्षित वर्गाला 40 टक्के लागतात. गणिताचे गुण ह्या बेरजेत धरू नका.

खरी पडझड होते ती प्रवर्गाच्या रकान्यात. ओबीसी, व्हीजे (विमुक्त जाती), एनटी (भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) ह्यांना तीन स्वतंत्र कागद लागतात: जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र म्हणजे व्हॅलिडिटी, आणि नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला. एससी, एसटीला नॉन-क्रिमीलेअर नको, व्हॅलिडिटी हवीच. नॉन-क्रिमीलेअरच्या तळाशी असलेली मुदतीची ओळ वाचा. 2026-27 च्या प्रवेशासाठी ते 31 मार्च 2027 पर्यंत वैध असायला हवं. गेल्या वर्षीचं फाईलमध्ये आहे म्हणून तेच चढवलं, असं दरवर्षी कुणाचं तरी होतंच, आणि मग हातातला प्रवर्ग जाऊन उमेदवार खुल्यात मोजला जातो. व्हॅलिडिटीच्या अर्जाची पावती म्हणजे व्हॅलिडिटी नव्हे. पावतीवर सवलत मिळते ती त्या वर्षी शासनाने दिली तरच, त्यामुळे ‘मागच्या वर्षी चालली होती’ ह्यावर विसंबू नका. ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखला राज्याच्या नमुन्यातला हवा. एमसीसीकडे मात्र केंद्राच्या नमुन्यातले दाखले लागतात. एसईबीसी आरक्षण तिथे नाहीच.

टिक न केलेले दावे हा ह्याहून गप्प बसणारा घोटाळा. माजी किंवा कार्यरत सैनिकाचं मूल, दिव्यांग, डोंगरी भाग, अल्पसंख्याक कोटा: जे लागू असेल ते अर्जातच मागावं लागतं. गुणवत्ता यादी लागल्यावर ‘आमच्याकडे दाखला आहे हो’ म्हणून काही होत नाही. डोमिसाईल म्हणजे रहिवासी दाखल्यासोबत दहावी-बारावीही महाराष्ट्रातून लागते. ज्यांची शाळा बाहेर झाली आहे, उदाहरणार्थ बदलीच्या नोकरीतल्यांची मुलं किंवा सीमाभागातल्या 865 गावांतले विद्यार्थी, त्यांनी माहिती पुस्तिकेतला आपला अपवाद शोधून त्यासोबतचं प्रमाणपत्र जोडलंय ना ते पाहावं. रिपीटरनी, म्हणजे मधे खंड घेऊन पुन्हा नीट दिलेल्यांनी, गॅपचं प्रतिज्ञापत्र विसरू नये.

स्कॅनबद्दल थोडक्यात. चारही कोपरे, शिक्का आणि सही दिसली पाहिजे. मागच्या बाजूला मजकूर असेल तर तीही बाजू घ्या. साईटच्या मर्यादेत बसवायला फाईल इतकी दाबली जाते की दाखल्याचा क्रमांक वाचता येत नाही. म्हणून अपलोड केलेली फाईल साईटवरूनच परत उघडा आणि तो क्रमांक वाचून बघा. नॉन-क्रिमीलेअरच्या जागी डोमिसाईल चढल्याचंही तेव्हाच कळतं.

पसंतीक्रम ही वेगळी पायरी, गुणवत्ता यादीनंतरची, पण तिथेही हीच प्रिंट-पेन्सिल पद्धत वापरा. संगणक तुमची यादी वरून खाली वाचतो आणि तुमच्या गुणवत्ता क्रमाला मिळू शकणारं पहिलं कॉलेज देतो. त्यामुळे मुंबईचं केईएम किंवा पुण्याचं बी.जे. वर लिहिल्याने खालची संधी जात नाही. ‘आपल्याला कुठे मिळणार’ म्हणून वरचं गाळणं हा निव्वळ तोटा. उलट, जिथे जायचंच नाही किंवा जिथली फी झेपणार नाही, असं कॉलेज यादी लांबवायला घालू नका. पुढच्या फेरीत वरची पसंती मिळाली की आधीची जागा सुटते आणि ती परत मागता येत नाही. हातातल्या जागेवर समाधान असेल तर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरायचा, म्हणजे पुढच्या फेऱ्यांत नाव राहत नाही. नावं नीट वाचा: नागपुरातच जीएमसी आणि मेयो अशी दोन सरकारी कॉलेजं आहेत. फीचे आकडे त्याच वर्षीचे घ्या, आणि सरकारी कॉलेजच्या बाबतीत बंधपत्रित सेवेची (शिक्षणानंतर ठरावीक काळ सरकारी सेवा करण्याची) अटही आई-वडिलांसोबत आधी वाचून घ्या.

एवढं झाल्यावर फी भरा आणि अर्जाची पीडीएफ लगेच उतरवून घ्या. शेवटचा दिवस टाळा. पेमेंट अडकलं तर पैसे कापलेले दिसतात, पण अर्ज अपूर्णच राहतो. अर्जाची स्थिती ‘पूर्ण’ अशी दिसेपर्यंत ब्राउझर बंद करू नका.