डिमेन्शिया झालेल्या माणसाला केअर होममध्ये हलवताना

आधी आई, मग सासूबाई, गेल्या वर्षी मोठे काका. तिघांनाही डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश; तिघांनाही मी पुण्यात केअर होममध्ये ठेवलं. ठेवावं की नाही यावर लिहीत नाही. ब्यूरोकडून येणाऱ्या, सांभाळणाऱ्या बायका बदलून, रात्री जागून, दाराला आतून कुलपं लावून झाली असतील तर निर्णय झालेलाच आहे.

जागा बघायला संध्याकाळी सहानंतर जा. डिमेन्शियाची माणसं दिवेलागणीला अस्वस्थ होतात, येरझाऱ्या घालतात, दार ठोठावतात. त्या वेळी तिथल्या मावश्या त्यांच्याशी कशा बोलतात ते बघा. रात्री किती जणांमागे किती मावश्या असतात ते विचारा. पलंगाला बांधता का, हेही स्पष्ट विचारा. ‘फक्त रात्रीच’ असं उत्तर आलं तर उठून या.

कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. करार कायद्याप्रमाणे, देणाऱ्याची समज गेली की ते संपतं. समजून सही करता येतेय तोवरच बँकखातं संयुक्त करून घ्या. पेन्शन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला कोण करणार तेही ठरवा.

सामान थोडं न्या, पण सगळं वापरातलं. गोधडी धुऊन देऊ नका, तिचा वास राहू द्या. सोनं घरी ठेवा, पण हात मोकळे ठेवू नका. पाटल्या काढल्यावर सासूबाई दिवसभर मनगट चोळत पलंगाखाली शोधत राहायच्या. तशाच घडणीच्या बेन्टेक्सच्या घातल्या, तेव्हा शोध थांबला. सवयी एका कागदावर लिहून द्या: चहा बशीतून, झोप डाव्या कुशीवर, ‘आजी’ नको ‘बाई’ म्हणा, कारण त्या शाळेत शिकवायच्या.

आता निघण्याचा दिवस. आईच्या वेळी मी इथेच फार चुकले.

तिला फसवायचं नाही म्हणून आठ दिवस आधीपासून रोज सांगितलं. ती रोज नव्याने ऐकायची, रोज नव्याने रडायची. सांगितलेलं विसरायची, भीती मात्र अंगात राहायची. आवराआवरीत उशीर होऊन पोचलो संध्याकाळी पाचला, म्हणजे सगळ्यात वाईट वेळी. फाटकाशी मी तिला मिठी मारून रडले आणि म्हणाले, “दोन दिवसांनी न्यायला येते.” मावश्यांनी तेच वाक्य उचललं. रोज ‘उद्या येणार हं’ म्हणायच्या, आणि महिनाभर आई पिशवी मांडीवर घेऊन फाटकापाशी बसली.

म्हणून माझं ठाम मत आहे की आधीपासून सांगू नये. त्या सकाळीच सांगा, एकाच वाक्यात: “डॉक्टरांनी तिथे राहायला सांगितलंय.” घरातल्या सगळ्यांनी तेच म्हणायचं. परतीची तारीख कुणीही द्यायची नाही. एकाने पुढे जाऊन पलंगावर गोधडी घालावी, देवाची तसबीर लावावी. सोबत दोघंच असावीत, गोतावळा नको. अकराच्या सुमारास पोचा, तिथेच त्यांच्याबरोबर जेवा. मग मावशीला सांगून हातात काहीतरी काम द्या. सासूबाईंना टॉवेलच्या घड्या घालायला दिल्या. त्या कडेला कड जुळवण्यात रमल्या आणि मी निघाले, निरोप न घेता. हे निर्दयी वाटतं, मलाही वाटलं. पण निरोप आपल्याला हवा असतो. त्यांना कळतो तो फक्त आपला रडवेला चेहरा.

‘घरी जायचंय’ हे ऐकावं लागणारच. ‘आता हेच तुझं घर’ असं समजावू नका, वाद वाढतो. आई स्वतःच्याच घरात वर्षभर ‘घरी चल’ म्हणत होती. तिला वाईचा वाडा हवा होता, आणि तो विकून तीस वर्षं झाली होती. “वाड्यात मागच्या दारी काय होतं गं?” असं विचारलं की ती हौद सांगायची, गोठा सांगायची, आणि आवाज खाली यायचा.

‘पंधरा दिवस भेटायला येऊ नका, म्हणजे रुळतील’ हा सल्ला मी मानत नाही. काकांकडे तिसऱ्या दिवशी गेले, सकाळी, सोलायला भुईमुगाच्या शेंगा घेऊन. अर्धा तास बसले. परातीत टरफलं पडत होती, काका मला ताई समजत होते. मी दुरुस्त केलं नाही.

पहिल्या काही आठवड्यांत माणूस एकाएकी फार बिघडला, म्हणजे भलतंच दिसायला लागलं, सारखी झोप किंवा आरडाओरडा सुरू झाला, तर ‘जागा बदलल्याने होतं’ म्हणून सोडून देऊ नका. लघवीतल्या जंतुसंसर्गानेही असं होतं. काकांना तेच झालं होतं. झोपेचं औषध वाढवायला होकार देण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा आणि लघवी तपासून घ्या.